पानेवाडीवर प्रबंध कोण लिहिणार?

बी.ए.ला लोकप्रशासन घेतलेल्या मुलाला पहिल्याच सत्रात वुड्रो विल्सन भेटतो. प्रशासन हा राजकारणापासून वेगळा अभ्यासविषय आहे असं सांगणारा त्याचा निबंध १८८७ सालचा. मागोमाग मॅक्स वेबर येतो, ल्यूथर ग्युलिकचं १९३७ सालचं ‘पोस्डकॉर्ब’ येतं, मग फ्रेड रिग्ज. नांदगावचा मुलगा हे सगळं पाठ करतो. एमपीएससीसाठी नाशिकला किंवा पुण्याच्या पेठांत खोली घेऊन पुन्हा पाठ करतो. त्याच्याच तालुक्यात, मनमाडजवळच्या पानेवाडीत, २५ जानेवारी २०११ रोजी दिवसाढवळ्या मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं. यावर त्याला कुणी दहा मार्कांचा प्रश्न विचारत नाही.

विचारायला हवा. महाराष्ट्रात जिथं जिथं लोकप्रशासन शिकवतात तिथं विचारायला हवा, आणि नांदगाव-मनमाडमध्ये सगळ्यांत आधी.

आज विशीत असलेल्यांना ही घटना नीट माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. मुंबईहून पाइपलाइननं आलेलं इंधन इथं उतरतं आणि टँकरनं उत्तर महाराष्ट्रात, मराठवाड्यात जातं. जानेवारी २०२४ मध्ये ‘हिट अँड रन’च्या नव्या तरतुदीविरुद्ध चालकांनी इथं टँकर उभे केले, तेव्हा कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत पंपांवर रांगा लागल्या ते सगळ्यांनी पाहिलं. एवढं इंधन जिथून रोज रस्त्यावर येतं, तिथं त्यावर डोळा ठेवणारेही येतात. त्या दिवशी सोनवणे यांना रस्त्यालगतच्या ढाब्यापाशी टँकर उभे दिसले. भेसळीचा संशय आला. त्यांनी गाडी थांबवली आणि तपासायला उतरले. सोबत स्वीय सहायक आणि चालक होते, पोलीस नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. २७ तारखेला राज्यातले लाखो सरकारी अधिकारी-कर्मचारी काम बंद करून बाहेर पडले. राज्यभर छापे पडले, धरपकड झाली, पुढं तपास सीबीआयकडे गेला. मुख्य आरोपी स्वतःही भाजला होता. काही दिवसांत उपचार सुरू असतानाच तो मेला.

त्या दुपारी कुणी काय केलं आणि का केलं, हे ठरवणं तपास यंत्रणेचं आणि न्यायालयाचं काम. मी त्यात शिरत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. जिल्ह्यातला इतका वरचा अधिकारी हमरस्त्यावर जाळला जाऊ शकतो, अशी परिस्थिती किती वर्षांत तयार झाली? ती होताना कुणाकुणाला दिसत होती? आरोपपत्रात याचं उत्तर नसतं. ते शोधणं हे अभ्यासकाचं काम आहे.

हा तालुका रेल्वेचा. नांदगाव मुख्य मार्गावर, मनमाड तर जंक्शन. उद्या या मार्गावर प्रवासी गाडीला अपघात होऊन माणसं दगावली, तर पोलीस त्यांचा तपास करतील आणि त्याखेरीज रेल्वे सुरक्षा आयुक्त येईल. १९८९ च्या रेल्वे कायद्यानं ते बंधनकारक केलं आहे. हा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो. तो नागरी उड्डयन मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. ज्यांची चूक शोधायची, त्यांच्या मर्जीवर त्यानं राहू नये म्हणून ही सोय. तो रूळ तपासतो, सिग्नलच्या नोंदी पाहतो, चालक किती तास कामावर होता ते विचारतो. अहवालात कारण लिहितो, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय बदलायचं तेही लिहितो.

कर्तव्यावर असलेला अधिकारी मारला गेला, तर असा कुणीही येत नाही. तो एकटा का होता, त्याच्या आधी त्या ठिकाणाबद्दल कुणी तक्रार केली होती का, केली असेल तर ती कुठल्या टेबलावर थांबली, पोलीस ठाण्याला आणि पुरवठा शाखेला काय काय ठाऊक होतं, हे प्रश्न कुठल्याच यंत्रणेच्या वाट्याला आलेले नाहीत. श्रद्धांजली होते, मदत जाहीर होते, कलमं लागतात. मग पुढच्या अधिकाऱ्याची नेमणूक होते आणि तो त्याच रस्त्यानं, तशाच गाडीतून, तसाच फिरतीवर निघतो.

आता यातली सगळ्यांत कडू गोष्ट. पानेवाडीचं कारण, म्हणजे डिझेलमध्ये मिसळलं जाणारं रेशनचं स्वस्त रॉकेल, घटनेच्या आधीच शोधून झालं होतं. ते छापलेलं होतं, दिल्लीत मंत्रालयाच्या कपाटात होतं.

२००५ मध्ये एनसीएईआर या दिल्लीच्या संशोधन संस्थेनं रॉकेलच्या खऱ्या गरजेचा देशभर अभ्यास केला. रेशनवरच्या रॉकेलपैकी सुमारे ३८ टक्के रॉकेल घरांत न पोचता दुसरीकडे वळतं, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचा तरुण विक्री अधिकारी एस. मंजुनाथ याला गोळ्या घालून मारलं. लखनौच्या आयआयएममधून शिकून आलेल्या या पोरानं भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केली होती. ऑक्टोबर २००६ पासून रेशनच्या रॉकेलमध्ये एक रासायनिक खूण, म्हणजे मार्कर, मिसळायला सुरुवात झाली. डिझेलच्या नमुन्यात ती सापडली की भेसळ उघडी पडायची. २००९ उजाडताना ती पद्धत बंद झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये किरीट पारीख यांच्या तज्ज्ञ गटानं सांगितलं की रेशनच्या रॉकेलचा दर लिटरमागे किमान सहा रुपयांनी वाढवा. जूनमध्ये सरकारनं तीन रुपये वाढवले. त्यानंतर सात महिन्यांनी पानेवाडी घडली.

ही तारखांची ओळ लोकप्रशासनाच्या प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहावी. संशोधन झालं होतं. त्यावर एक माणूस आधी मेलाही होता. उपाय सुरू करून सोडून दिला होता. दुसरा उपाय अर्धा केला होता.

हिशेब साधा आहे. जानेवारी २०११ मध्ये रेशनचं रॉकेल लिटरला बारा-तेरा रुपये होतं आणि डिझेल चाळिशीच्या आसपास. लिटरमागे पंचवीस रुपये धरा. बारा हजार लिटरचा एक टँकर रॉकेल डिझेलच्या भावानं खपलं, तर तीन लाख रुपये सुटतात. एका टँकरमागे, एका फेरीला. आणि हे अडवायला आपण कोण ठेवलं होतं? तहसीलचा पुरवठा निरीक्षक, ज्याच्याकडे रेशन दुकानं, गॅस एजन्सी, केशरी-पिवळी कार्डं आणि आठवडाभराच्या तक्रारी. एका बाजूला फेरीमागे तीन लाख, दुसऱ्या बाजूला हा एक माणूस. या तराजूचं पारडं कुठं झुकणार, हे सांगायला पीएच.डी. लागत नाही. पण हिशेब लिहून सरकारपुढं वारंवार ठेवायला पीएच.डी. करणारे लागतात, आणि ते इथं कमी पडले.

रॉकेलची ही भेसळ पुढं कशी ओसरली, तेही पाहण्यासारखं आहे. १ जुलै २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर दरमहा लिटरमागे पंचवीस पैशांनी वाढवायला सुरुवात झाली. मार्च २०२० पर्यंत त्यावरचं अनुदान संपलं. दरम्यान मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेनं घरोघर गॅस गेला. भावातला फरकच आटला, तशी त्यातली कमाई आटली. ही किंमत गरिबानंही मोजली. सिलिंडर भरायला पैसे नसताना चूल पेटवणाऱ्या बाईला रॉकेलही परवडेनासं झालं, आणि तिची नोंद या यशोगाथेत कुणी घेत नाही. पण पानेवाडीपुरता धडा स्पष्ट आहे. माल एकच आणि त्याचे दोन भाव, असं धोरण दिल्ली-मुंबईत ठरतं. त्यातून उठणारा जाळ मात्र तालुक्यातल्या अधिकाऱ्याच्या अंगावर येतो. धोरण ठरवणाऱ्याला कुणी विचारत नाही की या फरकाची राखण कोण करणार आहे आणि त्याच्या हातात काय आहे.

रॉकेल गेलं, वाळू आली. खरं तर वाळू होतीच, तिचा भाव चढला.

गिरणा धरण याच तालुक्यात आहे. गिरणेच्या काठच्या कुठल्याही गावात विचारा, रात्री ट्रॅक्टरचे आवाज कुठून येतात. सूर्यास्तानंतर उपशाला बंदी, म्हणून चोरीचा उपसा रात्रीच होतो. आणि म्हणून तो पकडणाराही रात्रीच नदीत उतरतो. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार. भरारी पथक म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढं ताफा येतो. प्रत्यक्षात एक खासगी मोटारसायकल आणि दोन मोबाइल एवढंच पथक अनेक तालुक्यांत असतं. तहसीलची गाडी फाटकाबाहेर पडली की चौकातली पोरं ‘लोकेशन’ देतात. पथक पोचेपर्यंत पात्र रिकामं, किंवा ट्रॅक्टर समोर आणि थांबायला तयार नाही. बंदोबस्त हवा तर पोलीस ठाण्याला कळवायचं, तिथं मनुष्यबळ असलं तर मिळतं. गिरणेपासून गोदावरी-भीमेपर्यंत तलाठ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घातल्याच्या बातम्या आपण इतक्या वेळा वाचल्या आहेत की आता त्या आतल्या पानावर एका रकान्यात येतात.

आणि याच माणसाला मार्चअखेर गौण खनिजाच्या वसुलीचं उद्दिष्टही पूर्ण करायचं असतं. चोर पकडायचाही त्यानंच आणि त्याच धंद्यातून महसूलही आणायचा त्यानंच.

शासनानं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. झोपडपट्टी गुंडांसाठीच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात वाळू तस्कर आणि अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारे आणले गेले. २०२३ मध्ये डेपोवरून सहाशे रुपये ब्रासनं वाळू द्यायचं धोरण आलं. हेतू चांगला होता. पण बाजारात त्याच ब्रासचा भाव त्याच्या कित्येक पट होता. म्हणजे पुन्हा एकच माल आणि दोन भाव. पानेवाडीचा अभ्यास कुणी केला असता तर या धोरणाच्या टिपणीवर पहिला शेरा हाच पडला असता. २०२५ मध्ये ते धोरण बदललं. का बदललं, त्या दोन वर्षांत नदीपात्रात काय झालं, किती पथकं परत फिरली, किती माणसं जखमी झाली, हे मोजून ठेवायची वेळ आत्ता आहे. पाच वर्षांनी कागद मिळणार नाहीत आणि माणसांची बदली झालेली असेल.

बदलीचा विषय निघालाच आहे. लक्ष्मी अय्यर आणि आनंदी मणी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आयएएस अधिकाऱ्यांच्या कारकिर्दींच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. एका पदावर अधिकारी सरासरी सोळा महिने टिकतो, आणि राज्यात मुख्यमंत्री बदलला की बदल्या वाढतात, असं त्यांना आढळलं. महाराष्ट्रानं २००५ मध्येच बदल्यांच्या विनियमनाचा कायदा केला आहे, त्यात सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा काळ आहे. २०१३ मध्ये टी.एस.आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं नागरी सेवा मंडळं नेमा, तोंडी आदेशांची लेखी नोंद ठेवा असं सांगितलं. कागदावर सगळं आहे. सोळा महिन्यांत अधिकाऱ्याला तालुका कळायला लागतो, कुठल्या ढाब्यामागे काय चालतं ते कळायला लागतं, आणि तेवढ्यात त्याची खुर्ची हलते. ढाबा हलत नाही.

आणखी एक काम इथल्या प्राध्यापकांनी मुलांपुढं ठेवावं. आदित्य दासगुप्ता आणि देवेश कपूर यांनी गटविकास अधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या कार्यालयांचा अभ्यास करून २०२० मध्ये दाखवलं की आपल्याकडचा तालुका पातळीवरचा अधिकारी कामाखाली दबलेला आहे. जबाबदाऱ्या वाढत गेल्या, माणसं आणि साधनं वाढली नाहीत. मग योजना नीट चालवायला लागणारा वेळच त्याच्याकडे उरत नाही. नांदगावच्या तहसीलदाराचा एक दिवस लिहून काढा. सकाळी टंचाईची बैठक, कारण हा तालुका पिढ्यान्‌पिढ्या पाण्यासाठी तहानलेला आणि मनमाडला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळ आलेले. मग निराधार योजनेची प्रकरणं, दाखले, फेरफाराच्या सुनावण्या, मोर्चाचं निवेदन, मंत्र्यांचा दौरा, निवडणूक असली तर निवडणूक, नसली तर मतदारयादी. संध्याकाळी व्हिडिओ कॉन्फरन्स. आणि रात्री नदी. या माणसाकडून आपण निर्भीड तपासणीची अपेक्षा करतो. ती करावी, पण त्याला ती करता येईल अशी मांडणी कुणाकडून मागायची?

मायकेल लिप्स्की या अमेरिकन अभ्यासकानं १९८० मध्ये मांडलं की सरकारचं धोरण प्रत्यक्षात घडवतात ते अगदी शेवटच्या पायरीवरचे कर्मचारी, ज्यांची नागरिकाशी समोरासमोर गाठ पडते. त्याचं पुस्तक आपल्या विद्यापीठांत वाचतात. मग तो शेवटच्या पायरीवरचा माणूस रात्री अकराला नदीपात्रात एकटा काय ठरवतो, ट्रॅक्टर अडवतो की मान फिरवतो, याचा अभ्यास इथं करायला हवा. मान फिरवणाऱ्याला भ्रष्ट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. काही जण असतात भ्रष्ट. पण काही जण घरी लहान मूल आहे म्हणून मान फिरवतात, आणि या दोघांत फरक न करणारं प्रशासन दोघांनाही एकाच माळेत ओवतं.

शिक्षा वाढवली की हल्ले कमी होतात का? या प्रश्नाचं उत्तर देणारा प्रयोग महाराष्ट्रात आपोआप घडून गेला आहे. सरकारी कामात अडथळ्याचं भारतीय दंड संहितेचं कलम ३५३, ज्याचा फलक प्रत्येक कार्यालयात लावलेला असायचा. त्यात मूळ शिक्षा दोन वर्षांपर्यंत. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत नेली आणि खटला सत्र न्यायालयाकडे दिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या कलम १३२ मध्ये मूळ तरतूद पुन्हा दोन वर्षांपर्यंतची आहे. दोन, पाच, पुन्हा दोन. आधी, मधे आणि नंतर मिळून मोजायला पुरेशी वर्षं. एका जिल्ह्यातले गुन्हे, त्यांतले किती तलाठी-ग्रामसेवकांचे, किती पोलिसांचे, किती डॉक्टरांचे, किती टिकले, किती सुटले. परदेशी विद्यापीठातल्या संशोधकाला अशी संधी मिळाली तर तो विमान पकडून मालेगावला येईल. आपल्याला बसनं जाता येतं.

हा अभ्यास नागरिकासाठीही तितकाच गरजेचा आहे. ३५३ चा फलक अनेकांनी दुसऱ्या बाजूनंही पाहिला आहे. फेरफार का अडवला म्हणून आवाज चढवणाऱ्या शेतकऱ्याला त्याच कलमाची भीती घातली जाते, आणि काही वेळा गुन्हाही दाखल होतो. त्यामुळे नुसत्या गुन्ह्यांच्या बेरजेवरून काही कळणार नाही. हल्ला कुठला, संतापलेल्या माणसाची शाब्दिक चकमक कुठली, आणि अधिकाऱ्यानं स्वतःला वाचवण्यासाठी केलेली तक्रार कुठली, हे एकेक कागद वाचूनच वेगळं करता येईल. ते वेगळं झालं नाही, तर वाळूवाल्याच्या ट्रॅक्टरसमोर उभा राहिलेला तलाठी आणि खिडकीतून अरेरावी करणारा कारकून दोघेही एकाच आकड्यात बसतात, आणि लोकांची सहानुभूती दोघांनाही मिळत नाही.

२०२३ मध्ये तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. या मुलामुलींना चालू घडामोडी येतात, अंकगणित येतं. नेमणुकीनंतर सातबारा, फेरफार, ई-पीक पाहणी शिकवतात. रात्री अवैध वाहन अडवायचं तर गाडी कुठं लावायची, कुणाला आधी कळवायचं, कुठल्या क्षणी मागं फिरायचं आणि मागं फिरलं म्हणून कुणी जाब विचारणार नाही याची हमी कुणाची, हे शिकवायला आधी ते कुणीतरी अभ्यासून लिहिलेलं लागतं. या तरुणांत आता मुलींचं प्रमाण मोठं आहे. साझ्यावर एकटी राहणारी पंचविशीतली मुलगी रात्री पथकात जाते, तेव्हा तिच्या सुरक्षिततेचा विचार कुठल्या परिपत्रकात किती ओळींत केला आहे, हेही तपासा.

दिल्लीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन १९५४ पासून आहे. पुण्यात यशदा आहे, जिथं राज्यातले अधिकारी प्रशिक्षणाला जातात. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र व लोकप्रशासनाचा विभाग आहे. माणसं आहेत, इमारती आहेत, नियतकालिकं आहेत. प्रबंधांचे विषय मात्र ठरावीक साच्याचे: अमुक योजनेच्या अंमलबजावणीचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ अमुक तालुका. शंभर लाभार्थ्यांची प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, शेवटी ‘शासनानं जनजागृती करावी’. असे प्रबंध लिहिणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. मार्गदर्शकाला तीन वर्षांत पूर्ण होणारा, कुणाला न दुखावणारा विषय हवा असतो, आणि तहसील कार्यालयात संशोधक म्हणून गेलेल्या पोराला कुणी फाइल दाखवत नाही. पानेवाडीवर लिहायचं तर तेल कंपनी, पोलीस, पुरवठा शाखा आणि राजकारण या चारही दारांवर थाप मारावी लागते. म्हणून ती थाप एकट्या विद्यार्थ्यानं मारू नये. विद्यापीठानं मारावी, यशदानं सोबत उभं राहावं.

मला हवी असलेली गोष्ट मोठी नाही. कर्तव्यावर असताना अधिकारी-कर्मचाऱ्यावर गंभीर हल्ला झाला की पोलीस तपासाखेरीज एक स्वतंत्र चौकशी, रेल्वे सुरक्षा आयुक्त करतो तशी. ती महसूल किंवा गृह खात्याच्या हाताखालची नको. तिचा अहवाल लोकांसाठी खुला. आणि त्या अहवालांवर काम करणारे अभ्यासक. गेल्या दशकभरातल्या हल्ल्यांचे असे पन्नास अहवाल आज शेजारी ठेवता आले असते, तर वेळ, जागा, माणसांची संख्या, आधीच्या तक्रारी यांतून काहीतरी सारखं दिसलं असतं. तेवढ्यानंही एखादा जीव वाचला असता. पानेवाडीच्या आधी तर निदान भावातल्या फरकाचा अहवाल होता. वाळूच्या बाबतीत आपण तेवढाही हाताशी ठेवलेला नाही.

सरकार हे करेल तेव्हा करेल. नांदगाव आणि मनमाडच्या महाविद्यालयांनी वाट पाहू नये. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यावा लागतोच. यंदा माहिती अधिकारात तहसील कार्यालयाकडे मागा: गेल्या पाच वर्षांत गौण खनिजाची किती पथकं निघाली, त्यांतली किती रात्री, किती वेळा पोलीस बंदोबस्त मागितला, किती वेळा मिळाला. पोलीस ठाण्याकडे मागा: सरकारी कर्मचाऱ्यावरच्या हल्ल्याचे गुन्हे किती आणि त्यांची आजची स्थिती काय. पुरवठा शाखेकडे मागा: २०११ नंतर पानेवाडी परिसरात किती तपासण्या झाल्या आणि त्या कुणी केल्या. तीन वेगवेगळे अर्ज करा, एकात सगळं कोंबू नका, नाहीतर ‘आमच्याशी संबंधित नाही’ म्हणून परत येईल. प्रत्येक अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराला तीस दिवस. जुलैत टाकलेल्या अर्जांची उत्तरं सत्र संपायच्या आत हातात येतात. न आली तर पहिलं अपील कसं करायचं, तेही मुलं त्याच सत्रात शिकतील.